चारशे तेरावी ओळ

उत्कर्षा नक्की काय काम करते, हे कवठे महांकाळकडच्या तिच्या घरात कुणालाही धड सांगता येत नाही. आई विचारणाऱ्याला म्हणते, "कराडला लागून मलकापूर हाय न्हवं, तितल्या कालिजात हाय. कंपूटरवर." विषय तिथंच संपतो. बिराप्पानं, म्हणजे तिच्या वडिलांनी, मात्र एकदा खोदून विचारलं होतं. तिनं सांगितलं, की कंप्युटरमध्ये एक डबा मांडायचा, त्यात पाणी भरायचं, पाण्यात शरीरातलं एक प्रोटीन आणि औषधाचा एक कण सोडायचा, आणि ते दोघं एकमेकांना धरून राहतात का ते बघायचं. पाणी खरं नव्हे, आकड्यांचं.

"आन् त्यो कण डब्याभायेर गेला तर?"

"जात न्हाई, बापू. उजवीकडनं भायेर पडला की डावीकडनं परत आत येतो. तसा नेमच हाय."

बिराप्पाचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. वाघरीची, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायच्या कुंपणाची, जाळी तोडून पळालेलं मेंढरू त्याला माहीत होतं, पण पळून पुन्हा वाघरीतच उगवणारं कधी पाहिलं नव्हतं. "मग सुटतं कवा?" त्यानं विचारलं. उत्कर्षा हसली.

त्या प्रयोगशाळेत तिला सहा वर्षं झाली. चार कंप्युटर, त्यांवरचा काळा पडदा आणि एक कुरकुरणारा एसी. या कामात माऊसचं काही चालत नाही. कमांड टाइप करायची, अक्षर न अक्षर, आणि मग एकेक रन, म्हणजे डब्यातला तो सगळा खेळ, आठ-आठ, दहा-दहा दिवस चालतो. विभागाचे प्रमुख वीरधवल सर स्वभावानं लोण्यासारखे. कधी ओरडत नाहीत, नाही म्हणत नाहीत आणि हो पण म्हणत नाहीत. काळ्या पडद्याला मात्र ते टरकून असतात. वीज गेली की रन थांबतो, आणि यंत्रानं वाटेत करून ठेवलेली खूण दाखवली, तरच तो तिथून पुढं चालतो. सरांनी एकदा खूण न दाखवताच एंटर दाबलं, आणि अकरा दिवसांचं काम पुन्हा पहिल्या पायरीवर आलं. तेव्हापासून "उत्कर्षा, बघ गं तेवढं" हे त्या खोलीचं ब्रीदवाक्य झालं.

मुलं येत, विषय आणत, उत्कर्षाकडून रन करून घेत आणि डिग्री घेऊन जात. अमृत गेला, माया गेली. आभाराच्या पानावर शेवटून दुसरी ओळ उत्कर्षाची असायची, तिच्या खाली कॅन्टीनवाले मामा. तिच्या स्वतःच्या पीएचडीचं नाव काढलं की सर प्रेमानं म्हणायचे, "पुढच्या टर्मला करू की."

यंदा हैदराबादच्या एका संस्थेत जागा निघाली, अगदी याच कामाची. मुलाखत झाली, उत्कर्षा पसंत पडली. शुक्रवारी रुजू व्हायचं, आणि येताना एक कागद आणायचा. तिनं स्वतः किती रन चालवले, याचं सरांच्या सहीचं पत्र.

"किती केलेस तू?" सरांनी सोमवारी विचारलं.

इथंच घोडं पेंड खात होतं. तिनं कधी मोजलेच नव्हते. त्यांच्या घरात मेंढरं मोजत नाहीत, मोजलं की दृष्ट लागते. संध्याकाळी बिराप्पा वाघरीच्या तोंडाशी उभा राहतो, आत जाणाऱ्या एकेकीचं तोंड बघतो आणि कोणती मागं राहिली ते आकड्याशिवाय सांगतो. कुणी आकडा विचारलाच तर, "बिरोबाची हायती," म्हणून मोकळा होतो. मोजायची ती एकदाच, कळप दुसऱ्याच्या हवाली करताना. उत्कर्षा विज्ञान शिकली, दृष्टबिष्ट मानेनाशी झाली, पण जीभ घरचीच राहिली. किती झालं म्हणून कुणी विचारलं की तिच्या तोंडून "चाललंय" एवढंच निघायचं. बाकीच्यांनी वह्या ठेवल्या, आपापल्या नावानं. तिनं ठेवली नाही. त्या सोमवारी तिला स्वतःचाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

मग तिला हिस्टरी आठवली. काळ्या पडद्यावर टाइप केलेली प्रत्येक कमांड यंत्र लिहून ठेवतं. रन सुरू केल्याच्या, पुढं चालू केल्याच्या सगळ्या ओळी तिनं बाहेर काढल्या. मोजून द्यायला यंत्रही तयार होतं, एका कमांडचं काम. पण तिनं एकेक ओळ डोळ्यांखालून घातली, बापू तोंडं बघतो तशी. ही अमृतची. ही मायाची, तीनदा बिघडलेली. ही दिवाळीत वसतिगृह रिकामं झाल्यावर एकटीनं लावलेली.

बुधवारी दुपारी ती सरांपुढं उभी राहिली. "चारशे बारा, सर." आकडा उच्चारताना तिला उगीचच अपराध्यासारखं वाटलं.

सरांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "पण उत्कर्षा, हे लॉगिन तर माझं आहे ना?"

होतंच. पहिल्या दिवशी "तुझं वेगळं नंतर करू" म्हणून त्यांनी आपलं दिलं होतं. यंत्राच्या लेखी ते चारशे बारा रन वीरधवल सरांनीच चालवले होते.

"उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू? 'प्रयोगशाळेत मदत केली' असं देतो. चांगल्या शब्दांत देतो हं," सर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. तेच जास्त लागलं तिला.

तेवढ्यात वीज गेली. यूपीएस चारदा कण्हला आणि तिसऱ्या कंप्युटरवरचा रन बंद पडला. सरांच्या नव्या पेपरचा होता तो. पाच मिनिटांत वीज आली.

"बघ गं तेवढं," सर म्हणाले.

नाही म्हणायला हवं होतं. शब्द ओठांवर आलाही होता, पण बोटं त्याच्या आधी पोचली. खूण दाखवली, एंटर दाबलं. चारशे तेरा. रन कधी संपेल ते पडद्यावर आलं: सोमवार, दुपारी तीन.

संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्यात बसून तिनं बापूला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मोजलीस?" एवढंच त्यानं विचारलं.

"व्हय."

"मग आता ती तुजी ऱ्हायली न्हाईत, पोरी. सोड. कागुद मरू दे. हात हायती न्हवं? तितं जा, आन् करून दावते म्हनावं."

खरंच की. एवढं साधं होतं. उद्या रात्रीच्या गाडीत बसलं तर शुक्रवारी सकाळी हैदराबाद.

"जाते, बापू," ती म्हणाली. "त्यास्नी फोन करून चार दिस मागून घेते. एवढा रन संपला की निघालेच."

पलीकडं मेंढरं ओरडत होती, वाघरीत शिरायची वेळ झाली होती. बिराप्पानं एकेकीला आत घेतलं.

"ह्ये तू दिवाळीला बी म्हनली व्हतीस," तो म्हणाला.