सोडलेली जुडी
कोथिंबिरीचा वास आला की मला बत्तीस वजा अठरा आठवतं. तेव्हा मी घरीच लहान मुलांची शिकवणी घ्यायचे. वजाबाकी शिकवायला खराट्याच्या काड्या काढल्या होत्या आणि त्यांच्या दहा-दहाच्या जुड्या दुसरीतल्या एका मुलीनं बांधून दिल्या होत्या. सुतळीचा एकच वेढा, पण पक्का. तिच्या घरचा अंबडच्या पलीकडे भाजीचा मळा होता आणि तिची आई संध्याकाळी आमच्याच कोपऱ्यावर कोथिंबीर-मेथी घेऊन बसायची. पोरीच्या बोटांनाही तोच वास असायचा. "दोनातून आठ जात नाहीत ना? मग एक जुडी सोड आणि काड्या सुट्या कर," मी तिसऱ्यांदा सांगितलं. तिनं जुडी छातीशी घट्ट धरली. बाकीची मुलं हसायला लागली आणि माझं डोकंच फिरलं. मी जुडी हिसकावून सुतळी तोडली, काड्या फरशीवर पसरल्या. "एवढं साधं कळत नाही? डोक्यात भाजीच भरलीय का?" खाली बसून काड्या गोळा करता करता ती हळूच म्हणाली, "सोडलेली जुडी कोणी घेत नाय, मॅडम. काल तुम्हीच आईची जुडी सोडून बघितली अन् तशीच टाकून गेल्या." मी घाईघाईनं फळ्याकडे वळले आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसत राहिले. आता मी जुडी सोडून बघत नाही. आत पिवळी निघाली तरी घरी येऊन मुकाट्यानं निवडत बसते.