चार बोटं झडप

त्या हिवाळ्यात आमची पोस्टिंग उत्तरेकडे, बर्फातल्या एका चौकीवर होती. सहा जवान, फायबरची एक हट आणि रॉकेलवर जळणारी एक बुखारी. माझा बडी, म्हणजे जोडीचा जवान, नाईक दगू शिरसाट, मनमाडचा. मी दिंडोरीचा. दोघं एकाच जिल्ह्यातले, पण हटमध्ये ऊब किती असावी यावर आमचं कधी जमलं नाही.

मला ऊब लागते. बुखारी लाल झाली तरी मी तिला चिकटून बसायचो. दगू मनमाडला पत्र्याच्या घरात वाढलेला. बुखारी पेटली की त्याचा जीव गुदमरायचा. धूर साठू नये म्हणून भिंतीला हवेची झडप होती. ती तो चार बोटं मापून उघडी ठेवायचा. त्याची पाठ फिरली की मी फटीत मोजा कोंबायचो.

"कोणाचा मोजा हाय ह्यो? बाहेर फेकीन!"

"फेक. मग तुझे मोजे मी घालतो."

"तुम्ही दिंडोरीवाले लय नाजूक. द्राक्षाच्या घडासारखं कागदात गुंडाळून ठेवायला पायजे."

एकदा सलग तीन दिवस बर्फ पडला. दर दोन तासांनी एकाने बाहेर जाऊन झडपेवरचा बर्फ काढायचा, अशी ऑर्डर होती. सकाळी दहाची पाळी माझी. अंगात कणकण होती, तरी मी बूट चढवायला घेतले. दगूने फावडं उचललं.

"बस शेकत. मला नायतरी उकडतंय."

मी बसलो. खरं सांगतो, बरं वाटलं.

दहा वाजून सात मिनिटांनी वरचा उतार सरकला. बर्फ हटच्या एका कडेने गेला. झडप त्याच कडेला होती. आम्ही धावलो. फावडं सापडलं, दगू दिसेना. बाकीचे खणू लागले आणि मी रेडिओ घेतला.

"बेस, एक जवान बर्फ में दबा है. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

"नाईक दगू."

ओव्हर म्हणायचं राहून गेलं. पावणेबाराला तो सापडला. तोवर सगळं संपलं होतं.

आता मी नाशिकला मुलाकडे राहतो. जानेवारीत इथेही चांगलंच गारठतं. सून दिवस कलला की सगळ्या खिडक्या लावून घेते. माझ्या खोलीतली तेवढी चार बोटं उघडी असते. स्वेटर, कानटोपी, वर शाल घेऊन मी कुडकुडत बसतो.

"बाबा, थंडी तुम्हालाच सोसत नाही. मग लावून घ्या ना!"

"असू दे, बाळ."

ऊब मला अजूनही तेवढीच आवडते. पण खिडकी लावायला हात उठत नाही. दगूची फार आठवण येते. एकदाच त्या हटमध्ये परत जायचंय. मोज्यावरून त्याच्या शिव्या खायच्यात. आणि दहा वाजायच्या आत, त्याच्या आधी उठून, ते फावडं उचलायचंय.