धुऱ्यावरचे दगड

काकासाहेब शहरातल्या बंगल्यांच्या बागांना दगडाची कड लावतात. फुलंब्रीजवळ शेती आहे, पण घर या कामावर चालतं. दोरी ताणायची, चर खणायचा, दगड निम्मा मातीत गाडायचा. मग वाफ्यातली माती लॉनवर उतरत नाही. दिवसभर गुडघ्यांवर. संध्याकाळी उठताना ते भिंत धरतात. वयात अंतर असलं तरी आमची मैत्री आहे. त्यांच्यासोबत मी बऱ्याचदा जातो.

हर्सूलच्या मीनाक्षीताईंना खाणीतले नवे दगड नको होते. ऊनपाऊस खाल्लेले, दगडफुलाचे ठिपके पडलेले हवे होते. तसे दगड एकाच ठिकाणी होते. काकासाहेब आणि त्यांचे थोरले भाऊ तात्यासाहेब यांच्या रानांमधल्या धुऱ्यावर. नांगरटीत निघालेले दगड वाहून वडिलांनी तो बांध रचला होता. वाटणीत त्याच बांधावरून भांडण झालं आणि भावांचं बोलणं तुटलं.

काकासाहेब आपल्या बाजूचे तेवढे उचलणार होते. पण खालचा काढला की वरचे ढासळत. शेवटी अख्खा धुरा टेम्पोत आला.

कड अर्धी लागली तेव्हा तात्यासाहेब मोटारसायकलवर फाटकाशी आले. आता शिव्या, मग पोलीस, असं मला वाटलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "बापाचा धुरा गुलाबाला घातलास व्हय?"

काकासाहेबांनी पहार उचलली. लावलेले दगड ते उपटू लागले. मीनाक्षीताईंना, दुसरे आणून देतो, एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं तात्यासाहेबही वाकले.

रानात टेम्पो रिकामा केला. पण दगड ठेवायचे कुठं? दोघांचा ट्रॅक्टरवाला एकच. त्याला बांध दिसला नव्हता, त्यानं सरसकट नांगर घातला होता. हद्दीची खूणच उरली नव्हती.

तात्यासाहेब एक दगड पोटाशी धरून फिरत राहिले. थोडं इकडं, थोडं तिकडं. "इथं व्हता का रे?"

काकासाहेब ढेकळांत बसले होते. "दादा, तुला वाटंल तिथं ठिव. मला लई कंटाळा आलाय."

आता दगड काकासाहेबांच्या रानात सरकणार, अशी माझी खात्री होती. तात्यासाहेबांनी तो होता तिथंच सोडला आणि त्यावर बसले.

धुरा अजून कुणी रचलेला नाही. मीनाक्षीताई नाइलाजानं नव्या दगडांना तयार झाल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही खाणीवर गेलो. दगड भरताना मी विचारलं, भाऊ नंतर काही बोलले का.

काकासाहेब म्हणाले, "तो बी दमलाय."