बस झाला

जगणं नकोसं झालेल्यांसाठीच्या कुडाळच्या आमच्या हेल्पलाइनवर मी ऐकायला शिकले ते शेजारच्या खुर्चीतल्या बाईंकडून. त्या निवृत्त शिक्षिका, मालवणच्या ख्रिस्ती घरातल्या. वर्गात जन्मभर बोलल्या होत्या, त्यामुळे फोनवर द्यायचा नसलेला सल्ला जिभेवर आला की ओठांवर तळहात दाबून धरत. कुणी अडखळत पुस्तकी मराठी बोलू लागलं तर हळूच म्हणत, "आपल्या भाषेत सांग गो. मी आयकतंय."

एका दुपारी एक तरुणी त्यांच्याशी खूप वेळ बोलली, रडली. शेवटी अगदी शांतपणे म्हणाली, "आज कोणीतरी माझा आयकलान. आता बस झाला." आणि तिनं फोन ठेवला. आम्हाला समोरच्याचा नंबर दिसत नाही, उलट फोन करता येत नाही.

पुढे कित्येक दिवस बाई प्रत्येक फोन झडप घालून उचलत होत्या. ती काही पुन्हा बोलली नाही. मग एकदा त्यांनी मला विचारलं, "तिका मोकळा वाटला, की माझो निरोप घेतल्यान गो?"

धीराचं एक वाक्य माझ्या तोंडाशी आलं, पण ते खरं आहे की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला आणि बाईंनी तो झडप घालून उचलला. आवाज पुरुषाचा निघाला. बाईंनी डोळे मिटले आणि त्या ऐकत राहिल्या.