बाजूला काढलेले मोदक

मोदकपात्राचं झाकण उघडलं आणि ताईंच्या सासूबाईंनी माझे मोदक बाजूला काढले.

माझे कुठले ते ओळखणं अवघड नव्हतं. ताईंच्या मोदकांना बारीक, एकसारख्या कळ्या. माझ्या कळ्या जाड, टोक जरा वाकडं. आमच्या मराठवाड्यातल्या घरात उकडीचे मोदक कधी झालेच नाहीत, हाताला वळण येणार कुठून? आठवडाभर व्हिडिओ बघून शिकले होते. टोकोमधून, म्हणजे इथल्या आशियाई वाणसामानाच्या दुकानातून, तांदळाची पिठी आणून, दोनदा उकड वाया घालवून शिकले होते. सासूबाईंनी माझा एकेक मोदक चिमट्यानं उचलला आणि कागदी प्लेटमध्ये ठेवला. गरम असतील म्हणून चिमटा, असं मी मनाला समजावलं. मग त्यांनी ताईंचे मोदक हातानं उचलले, फुंकर घालत, आणि गणपतीपुढच्या केळीच्या पानावर मांडले.

"हे त्या डच पाहुण्यांना द्या," त्या म्हणाल्या. "त्यांना काय, चालतं."

ताई, म्हणजे माझ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाई, माझ्या शेजारी उभ्या होत्या. माझ्याइतकीच उकड त्यांच्याही हाताला लागलेली होती. त्या म्हणाल्या, "हो आई."

बस्स. तेवढंच.

तासाभरापूर्वी असं नव्हतं. तासाभरापूर्वी मी सारण ढवळत होते आणि सासूबाई मला "पोरी" म्हणत होत्या. मग त्यांनी माझ्या मुलीला विचारलं, तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो गं? मुलगी नऊ वर्षांची, जन्म इथलाच. मराठी तिला समजतं, उत्तर मात्र डचमध्ये नाहीतर इंग्रजीत येतं. तिनं इंग्रजीत सरळ सांगून टाकलं की आमच्याकडे गणपती नसतो, आम्ही बुद्धिस्ट आहोत. मग आजींना वाईट वाटू नये म्हणून मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, आमचा बुद्ध पण छान आहे."

सासूबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं आडनाव मराठ्यांतही सापडतं आणि आमच्यातही. त्याच आडनावाच्या भरवशावर त्यांनी मला दोन महिने पोरी म्हटलं होतं. "अस्सं," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या माझ्याशी थेट बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते ताईंना सांगायच्या आणि मी ऐकायचं.

पोरीचं काही चुकलं नाही. लपवायचं असतं हेच तिला ठाऊक नाही. मी तिला शिकवलं नाही आणि शिकवणारही नाही. माझा नवरा आयटीत आहे. ऑफिसातल्या कुणा मराठी माणसानं गावाकडची चौकशी सुरू केली की तो कॉफी आणायला उठतो. त्या दिवशी तो आला नव्हता. मी निघताना मला म्हणाला होता, जपून. कशाला जपायचं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी त्या घरी मोदक वळायला का गेले, ते सांगते.

मी नर्स आहे. मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजात शिकलेली. नवऱ्यामागून नेदरलँड्सला आले तेव्हा इथं माझ्या डिग्रीला कुणी विचारेना. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालत डच शिकले, परीक्षा दिल्या, मग इथली नर्स म्हणून नोंद झाली. आता एका इस्पितळात वृद्धांच्या वॉर्डात आहे. आणि मला फिजिशियन असिस्टंट व्हायचं आहे. म्हणजे डॉक्टर नाही, पण पेशंट स्वतः तपासायचा, निदान करायचं, औषध स्वतःच्या अधिकारात लिहायचं. आयुष्यभर दुसऱ्यानं सांगितलेली गोळी तिसऱ्याच्या तोंडात टाकायचा मला कंटाळा आला होता. स्पष्टच सांगते, मला सेवा नको होती. अधिकार हवा होता.

या शिक्षणाची इथली रीत वेगळी आहे. नुसते मार्क घेऊन जाता येत नाही. अर्ध्याहून जास्त शिक्षण वॉर्डातच होतं. त्यामुळे अर्जाच्या आधी एका डॉक्टरनं हमी द्यावी लागते, की हिला मी माझ्या हाताखाली शिकवीन. हमी देणारा डॉक्टर नसेल तर तुम्ही कितीही हुशार असा, घरी बसा.

आमच्या वॉर्डात ती हमी देऊ शकेल अशी एकच व्यक्ती मोकळी होती. पुण्याहून आलेल्या, इथं पुन्हा सगळ्या परीक्षा देऊन तज्ज्ञ झालेल्या डॉक्टरबाई. बाकीच्यांकडे आधीच शिकाऊ होते. बाईंनीच मला सांगितलं होतं, मला डॉक्टर नको म्हणूस, ताई म्हण. "मी घेते तुला. आपली मराठी मुलगी पुढं गेली पाहिजे," असं त्या म्हणाल्या तेव्हा मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले होते. आनंदानं.

मग दर शनिवारी आल्मेरेहून ट्रेन, पुढं ट्राम, की उइटहॉर्नला त्यांचं घर. त्या पेशंट व्हायच्या, खोटं खोटं खोकायच्या, छातीत दुखतंय म्हणायच्या. मी प्रश्न विचारायचे, तपासायचे, मग निदान मांडायचे. कुठं घसरले ते त्या दाखवायच्या. मुलाखतीची तयारीही करून घ्यायच्या. बाई शिकवायची छान. त्याबद्दल खोटं बोलणार नाही.

शिकून झालं की सासूबाईंचा पाय. त्यांना डायबिटीस, तळव्याला जखम, भरता भरत नव्हती. मुलाकडे चार महिने राहायला आल्या आणि इथंच ती चिघळली. तू नर्सच आहेस, निघता निघता ड्रेसिंग करून जा, असं ताई म्हणायच्या. मी करायचे. आनंदानं करायचे. घरच्यासारखं वागवतात, मग घरच्यासारखं करायला नको का, असं मला वाटायचं. गणपतीला मोदक करायला ये म्हणाल्या तेव्हा तर मला आभाळ ठेंगणं झालं.

तर त्या दिवशी. आरती झाली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं, पायच पुढं जाईनात. हॉलमध्ये शेजारचं डच जोडपं आणि आमच्या विभागाचे डच प्रमुख, पायात मोजे, हात जोडून. त्यांच्या हातात ती कागदी प्लेट गेली. प्रमुखांनी तीन मोदक खाल्ले. कोणी केले विचारलं. ताई हसून म्हणाल्या, आम्ही सगळ्या बायकांनी मिळून.

पाहुणे गेल्यावर ताई आत आल्या. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. खांद्यावर हात तरी ठेवतील. त्या म्हणाल्या, "आईंचं ड्रेसिंग तेवढं करून जा हं."

आणि मी ते केलं.

तेही लिहिते. मी गुडघ्यावर बसले. जुनी पट्टी सोडवली. पू होता, वास होता. सलाइननं जखम धुतली, कोरडी केली, नवी पट्टी बांधली. सासूबाई पलंगावर टेकून फोनवर मालिका बघत होत्या. पाय त्यांनी स्वतःहून माझ्या मांडीवर ठेवला. पुवानं भरलेल्या पायाला माझा हात चालत होता. पिठीत बुडालेला, धुतलेला, स्वच्छ हात नैवेद्याला चालत नव्हता. तरी मी उठले नाही, कारण मला हमी हवी होती. अर्जाची मुदत महिन्यावर आली होती.

परतताना ट्राममध्ये मुलीनं डचमध्ये विचारलं, आई, आपले मोदक वेगळे का ठेवले होते? मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही याचीच मला जास्त लाज वाटली. असंच सुरू होतं. आधी पोर विचारणं सोडतं, मग जपून राहायला शिकतं.

सोमवारी ताईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"शनिवारचं मनावर घेऊ नकोस. आई जुन्या वळणाच्या आहेत. मी असलं काही मानत नाही."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"सणाच्या दिवशी घरात वाद घालू? दोन मोदकांसाठी?"

मी दाराकडे वळले. बहुधा तेच त्यांना टोचलं. आवाज बदलला.

"हे बघ, मी तुला घेतेय. मला काही कुणी जबरदस्ती केलेली नाही. तुम्हा लोकांचं हेच असतं. हात दिला की..."

"हात दिला की काय?"

"काही नाही. शनिवारी ये. मुलाखतीचं राहिलंय, आईंची जखमही अजून भरायचीय." मग कॉम्प्युटरकडे वळत, अगदी सहज, "आणि मुलीला नको आणूस. काहीबाही बोलते."

तिथं माझं काहीतरी तुटलं. माझ्या मोदकांचं मी गिळलं असतं. "तुम्हा लोकांचं"सुद्धा गिळलं असतं, आजवर कमी गिळलंय का? पण माझ्या पोरीनं खरं सांगितलं, आणि ते खरं या बाईला काहीबाही वाटत होतं.

"डॉक्टर," मी म्हणाले. ताई म्हणाले नाही. "मी तुमच्या हाताखाली शिकणार नाही."

त्या हसल्या. खरंच हसल्या. "मुदत संपत आलीय. तुला दुसरं कोण घेणार आहे?"

"कुणी नाही घेतलं तर नाही. तुमच्या सासूबाईंसाठी पैसे भरून घरी येणारी नर्स बोलवा. ती डच असेल. तिच्या हातचं नैवेद्याला चालतं का, ते तिलाच सांगा."

बाहेर येऊन मी थेट विभागप्रमुखांकडे गेले आणि सगळं सांगितलं. तुम्ही खाल्लेले मोदक देवाला चालले नाहीत, ते मी केलेले होते म्हणून, असं डचमध्ये सांगितलं. जात म्हणजे काय ते सांगायला मला बराच वेळ लागला. त्यांनी शांतपणे ऐकलं. हा धर्माचा नियम आहे का, असं दोनदा विचारलं. शेवटी म्हणाले, तुमच्या आपसातल्या गोष्टीत मला पडता येणार नाही. आणि मला बरं वाटावं म्हणून, मोदक मात्र फार छान झाले होते. माणूस भला आहे. भलेपणाचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

आठवडाभरात मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. परदेशात येऊनही काही जण जात सोडत नाहीत, अशानं समाज कसा एक होणार. माझं नाव नव्हतं. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. त्यातल्या दोघी माझ्या घरी जेवून गेलेल्या. म्हणजे जात सोडत नाही ती मी. मी ग्रुप सोडला, तेवढं मात्र सोडलं.

मुदत गेली. या वर्षी अर्ज झाला नाही. रोज त्याच वॉर्डात, त्याच बाईच्या सूचना वाचून मी गोळ्या देते. ती माझ्याशी डचमध्ये बोलते आता, अगदी शुद्ध, सभ्य डच. एका हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, विचारलं. जागा नाही म्हणाला. दुसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. तिसरी म्हणाली, तुमच्याच इस्पितळात विचारून बघा. नवरा म्हणतो, जाऊन माफी माग, काय बिघडतं? एका सहीचा प्रश्न आहे. त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मुलीला मात्र बसवून सगळं सांगितलं. भिंतीवरच्या कोट-चष्म्यातल्या माणसाचा फोटो आपल्या घरात का आहे तेही सांगितलं. जात हा शब्द मराठीतच सांगितला, डचमध्ये त्याला पुरेसा शब्द नाही. ती रडली. रडू दिलं.

मी शोधत राहणार आहे. टिलबर्गला मिळाला डॉक्टर तर टिलबर्गला जाईन, पहाटेची ट्रेन पकडून. आणि यापुढं ज्याच्या दारात जाईन त्याला आधी माझी जात सांगेन, मग डिग्री. डच असेल तर त्याला समजावून सांगावं लागेल. मराठी असेल तर समजावायची गरज पडणार नाही. ज्याला चालत नाही त्यानं तिथंच, तोंडावर सांगावं. एक वर्ष जाऊ दे, पाच जाऊ देत. पेशंटचं निदान मी करणार आहे, औषध मी लिहिणार आहे, आणि ते कुणाची "पोरी" होऊन नाही.