शेवटच्या माणसाच्या मागे

"एक वर्ष दुसऱ्या कुणाला जाऊ दे ना मागून," झेलमीर म्हणाली.

"दुसरा कोण? लिओन्स? तो पहिल्याच उतारावर रमची बाटली उघडून बसेल, आणि फिती नाताळपर्यंत झाडांना लोंबतील."

"मग तूच जा. पण हळू चाल."

"हळूच चालतो. आणखी हळू चाललो तर मला पानं फुटतील."

माझं आणि त्यांचं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून होतं, मध्ये एकच पत्रा. मी वेलावरचे शूशू, ती काटेरी हिरवी फळभाजी, उतरवून ठेवले होते ते सोलत होते. ऐकायला कान लावावा लागला नाही. पत्रा काय, तो सगळ्यांचंच पुढे पोचवतो.

"दर वेळी तू येतोस आणि माझ्या छातीवरच्या पिना काढतोस," ती म्हणाली. "सगळ्या वाडीसमोर. स्वतःच्या बायकोच्या."

"झाडूने गाठलं की नंबर द्यायचा. नियम मी केला का?"

"नियम तू केला नाहीस. लग्न केलंस."

चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. मग झेलमीरच म्हणाली, "ऐक. या वेळी शर्यतीच्या दिवशी मला तुझं तोंड दिसलं ना, तर मी तशीच खाली उतरून बहिणीकडे जाईन. समुद्रकाठी राहीन. तुझा भात तू शिजव."

"बरं," फुल्बेर म्हणाला.

या माणसाचं अर्धं आयुष्य 'बरं' म्हणण्यात गेलं. उरलेलं चालण्यात.

आमच्या वाडीला, इले फाहामला, रस्ता नाही. माफातच्या खोल्यात, बेटाच्या मधोमध कड्यांनी वेढलेल्या या दरीत, एकाही वाडीला नाही. हेलिकॉप्टर गॅस आणि तांदूळ आणतं, बाकी जे काय ते पायांनी येतं. फुल्बेर जंगलखात्याच्या पायवाटा साफ करायचा. कोयता, फावडं आणि खांद्यावर पिशवी. वादळ झालं की कुठली वाट राहिली आणि कुठली गेली, हे आम्हाला तोच येऊन सांगायचा. म्हणून खालच्या क्लबाने डोंगरातली शर्यत सुरू केली तेव्हा शेवटच्या माणसामागून चालायचं काम त्याच्याकडे आलं. शर्यतीआधी वाटेवर लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या फिती बांधायच्या, म्हणजे परक्या माणसाला वळण चुकत नाही. शर्यत संपत आली की सगळ्यात मागून यायचं, त्या फिती सोडवून पोत्यात भरायच्या, आणि जो मागे पडलेला सापडेल त्याचा नंबर काढून घ्यायचा. लोक त्याला झाडू म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. तो म्हणायचा, झाडू नसेल तर घराला कळत नाही कचरा कुठे संपला.

झेलमीरचं वेगळं होतं. मुलगी होती तेव्हापासून ती डोक्यावर ओझी घेऊन चढली होती. तांदळाची पोती, दुकानदाराचं मीठ, एकदा पाद्रीबाबांची बाजाची पेटी. चढावर तिच्याइतकं कुणी टिकत नसे, पण उतारावर तिचे गुडघे बोलायचे. धावायची ती प्लास्टिकच्या सँडलमध्ये. तिला पहिलं यायचं नव्हतं. खाली मैदानात कमान उभारतात, भोंग्यावरून नाव पुकारतात, त्या कमानीखालून तिला एकदा जायचं होतं. "डोक्यावर काही न घेता," ती मला म्हणाली होती. "तांतीन, आयुष्यात एकदा कुठेतरी पोचायचंय, आणि तिथे काही उतरवायचं नाही."

मी आईच्या वयाची नव्हते तिच्या, पण वाडीत मला सगळेच तांतीन म्हणतात, लहान होते तेव्हापासून मावशी असल्यासारखी.

दर वर्षी फुल्बेर तिला कुठे ना कुठे गाठायचा. एकदा ओढ्यावर, एकदा तामारँच्या झाडांखाली, एकदा तर मैदानाचा भोंगा ऐकू येत होता तिथे. तो पिना काढायचा, ती तोंड फिरवून उभी राहायची, आणि मग दोघं मागेपुढे घरी येत. तो पुढे, ती मागे.

आता त्या वर्षाचं सांगते.

शर्यतीची वाट आमच्या वाडीतून जाते. इथे एक रीत होती. वाडीतलं कुणी धावत असलं आणि दमलं, तर ते सरळ आपल्या घरात शिरायचं. धावून धावून आपल्याच दारावरून पुढे जायचं म्हणजे वेड्याचंच काम. घरी बसलेल्याने नंबराचा कागद कुंपणाच्या तारेवर अडकवून ठेवायचा. झाडू येतो, तारेवरचा नंबर काढून घेतो, पुढे जातो. हाक मारायची गरज नाही. झोपलेल्या माणसाला उगाच कशाला उठवायचं.

त्या दिवशी धुकं होतं आणि त्यातून पाण्याचे कण उडत होते. झेलमीर आली तेव्हा चिंब भिजलेली होती. पण चांगली चालत होती, मागे अजून कितीतरी लोक होते. माझ्या चुलीवरून तिने कॉफी घेतली, उभ्या-उभ्या प्याली, आणि घरात गेली. सदरा बदलायला. घर वाटेत लागलं की पाय आत वळतातच. ओला सदरा तिने तारेवर टाकला, आणि त्याच्यावरचा नंबराचा कागद भिजून फाटायला आला होता म्हणून तो सोडवून शेजारी चिमट्याने लावला. चूल पेटवली. शेकत बसली आणि तिथेच तिचा डोळा लागला. हे सगळं नंतर जुळवलं. सदरा तारेवर होता, चिमटा होता, चुलीत राख होती.

फुल्बेर आला. मागे कुणी उरलं नव्हतं. त्याने आपल्या घराच्या तारेवर नंबर पाहिला, पत्र्यावरून धूर निघताना पाहिला. नंबर काढला, घडी घातली, खिशात ठेवला. दारापर्यंत गेला नाही. तोंड दाखवायचं नाही असं ठरलं होतं, आणि तो ठरलेलं पाळणारा माणूस. माझ्या कठड्याची फीत सोडवताना मला म्हणाला, "बसली एकदाची घरात. शहाणी झाली."

"विचारून तर बघ," मी म्हटलं.

"विचारलं तर आजची रात्र गेली," तो म्हणाला, आणि पोतं खांद्यावर घेऊन धुक्यात शिरला.

बऱ्याच वेळाने झेलमीर बाहेर आली. लिओन्स, फुल्बेरचा भाऊ, आपल्या उंबऱ्यावर बसला होता. शेवटचं तिच्याशी तोच बोलला.

"फुल्बेर गेला?" तिने विचारलं.

"केव्हाच. तुझा नंबर घेऊन गेला."

"तो मेला माझा नंबर घेऊन गेला?"

लिओन्स सांगतो, ती हसली. म्हणाली, "या वेळी मी त्याला गाठते. मागून जाऊन त्याच्या खिशातून काढते." आणि पळाली. नंबर मिळाला असता आणि कमान उतरवली नसती, तर तिला अजून पोचता येणार होतं.

वाडीच्या पलीकडे ओढ्याच्या वरच्या अंगाला वाट दुभंगते. खालची वाट आमची जुनी, आज्यापणज्यांची. काही दिवसांपूर्वीच्या पावसात तिचा मधला तुकडा दरीत गेला होता. जंगलखात्याने वरून नवी वाट काढली होती, आणि फिती त्या नव्या वाटेला होत्या. जुन्या वाटेच्या तोंडाशी फुल्बेरने स्वतः फांदी आडवी टाकली होती. पण आमच्याकडे आडव्या फांदीवरून उडी मारायला शेळीलाही शिकवावं लागत नाही. झेलमीरला वाट गेल्याचं माहीत होतं. सगळ्या वाडीला माहीत होतं. पण घाईत पाय डोक्याला विचारत नाहीत, आणि नव्या वाटेकडे बोट दाखवायला एक फीत उरली नव्हती. फुल्बेर काम नीट करायचा. एकही फीत सोडायचा नाही.

तो खाली मैदानात पोचला, पोतं दिलं, सोडून दिलेल्यांचे नंबर दिले, त्यात तिचाही दिला. झेलमीरच्या बहिणीच्या घरी झोपला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चढून आला. कोंबड्या उपाशी होत्या. त्याने त्यांना आधी दाणे टाकले. मग मला विचारलं, "झेलमीर?"

लिओन्सने सांगितलं होतं, म्हणून मला वाटलं होतं, ती त्याला गाठून त्याच्याबरोबर खाली गेली. त्याला वाटलं होतं, ती घरी आहे.

हेलिकॉप्टरने तिला दरीतून वर काढलं. त्याला गॅस आणि तांदळाशिवाय काही आणताना आम्ही क्वचितच पाहिलं होतं, त्यामुळे सगळी वाडी माना वर करून उभी राहिली. फुल्बेरही. टोपी उडेल म्हणून त्याने ती हाताने दाबून धरली होती.

तो रडला नाही. त्यामुळे आम्हीही रडलो नाही, रडायला कुणीतरी सुरुवात करावी लागते. माती दिली, पाद्रीबाबा चालत आले आणि चालत गेले. मी सॉसेजचा रुगाय, तो टोमॅटोतला तिखट रस्सा, आणि डाळ नेऊन दिली. त्याने खाल्लं. म्हणाला, "मीठ बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी मीठ विसरले होते, तरी हेच म्हणाला.

मग तो कामाला लागला. जुन्या वाटेचं तोंड त्याने दगड रचून बंद केलं, दगडांपुढे घायपात लावलं. लोकांनी तिथे क्रूस उभा केला, फुलं ठेवायला लागले. सुकली की तो फुलं उचलून टाकायचा, वाटेवरचा पालापाचोळा उचलतो तशी. तिथे थांबताना मी त्याला पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी क्लबाचे लोक आले. टोप्या हातात घेऊन बसले. म्हणाले, "फुल्बेर, या वर्षी राहू दे. आम्ही दुसरा बघतो."

"कोण?" त्याने विचारलं.

त्यांनी टोप्या परत डोक्यावर घातल्या. तोच गेला.

पण आता त्याची चाल बदलली होती. वाडीत शिरला की तो प्रत्येक घरात जायचा. तारेवर नंबर असला तरी जायचा. उंबऱ्यावर उभा राहून विचारायचा, "आत कोण आहे?" माणूस स्वतः बाहेर येऊन "मी सोडली" म्हणाला तरच नंबर घ्यायचा. गोठे बघायचा, कोंबड्यांचं खुराडं बघायचा. लिओन्सच्या घरी पाहुणे उतरायचे, डोंगर बघायला आलेले. एकदा तिथे नवं-नवं जोडपं दुपारचं दार लावून होतं. फुल्बेर दार ठोठावत राहिला. शेवटी चादर गुंडाळून पुरुष बाहेर आला.

"तुम्ही धावताय का?" फुल्बेरने विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

"आणि आतल्या बाई?"

"त्याही नाही."

"त्यांना सांगू दे."

आतून बाई ओरडली की ती धावत नाही, आणि कधीच धावणार नाही. फुल्बेर "बरं" म्हणून पुढच्या घराकडे गेला. लिओन्सने त्याला तिथेच शिव्या घातल्या. "पाहुणे पळवतोस माझे. वेडा झालायस." फुल्बेरने त्याच्या न्हाणीघरातही डोकावून घेतलं.

खालचे लोकही कुरकुरायचे. झाडूला उशीर होतो म्हणून कमान उतरवायला उशीर होतो, भोंगेवाला चिडतो. त्या उशिरात मागचे बरेच जण पोचायला लागले, जे पूर्वी पोचले नसते. क्लबाने त्याचं श्रेय आपल्याकडे घेतलं. फुल्बेरला कुणी विचारलं तर तो म्हणायचा, मागे कुणी राहायला नको. एवढंच.

नियम मात्र त्याने सैल केला नाही. गाठलं की नंबर घ्यायचाच. पिना काढायचा, घडी घालायचा. आणि ज्याचा नंबर घेतला त्याला तो आपल्या पुढे चालायला लावायचा, गाडीरस्ता लागेपर्यंत. मागे कुणालाही ठेवायचा नाही.

अशी कितीतरी वर्षं गेली. त्याचे केस पिकले, कोयता हलका करून घेतला. गेल्या उन्हाळ्यात तो आपल्या खाटेवर गेला, झोपेत, कुणाला त्रास न देता. त्याच्या आधीच्या शर्यतीला तो माझ्या अंगणात आला, तेच त्याचं शेवटचं.

दुपार कलत होती. माझ्या बाकावर समुद्रकाठची एक बाई बसली होती, तरुण, बूट काढून, टाचेला फोड आलेले. मी तिला भात आणि पालेभाजीचं पाणी दिलं होतं. फुल्बेर उंबऱ्याशी उभा राहिला. मला समोर बघत होता, तरी विचारलं, "तांतीन, आत कोण आहे?"

"मी आणि माझे गुडघे."

"तू धावतेस?"

"यंदा नाही."

"बरं." आत आला, पडद्यामागे बघितलं, लाकडांच्या ढिगामागे बघितलं. मग त्या बाईसमोर येऊन उभा राहिला. तिला कळलं. तिने स्वतःच पिना सोडवायला घेतल्या, पण बोटं गारठली होती. त्याने वाकून सोडवल्या. कागदाची घडी घातली.

"आजोबा, तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "माझा नंबर तर गेला. मी येते सावकाश."

"बूट घाला," तो म्हणाला.

"थोडं बसते ना."

"बसा."

तो उभा राहिला. मी त्याला कॉफी दिली. त्याने अर्धी प्याली, अर्धी परत दिली. कधी पुरती प्यायचा नाही. बाईने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी भांडी घासायला घेतली. मग तिने बूट घातले, एक-एक नाडी बांधली आणि उठली.

"चला पुढे," फुल्बेर म्हणाला.

ती लंगडत निघाली. तिची पाठ कुंपणापलीकडे गेल्यावर त्याने माझ्या कठड्याची फीत सोडवली, पोत्यात टाकली, आणि तिच्यामागे चालू लागला.