खोडलेल्या कलमाचं गाव

नेवार्कहून सान हुआनला जायला पासपोर्ट लागत नाही, पोर्तो रिको हे बेट अमेरिकेच्याच ताब्यात आहे. तरी मिलिंदने दोघांचे पासपोर्ट, व्हिसाचे कागद आणि ग्रीन कार्डच्या अर्जाची पावती, अशी अख्खी फाईल बॅगेत कोंबली. नेवार्कजवळच्या पार्सिपनीत इतकी वर्षं राहूनही माझा नवरा अमेरिकेत पाहुण्यासारखा अंग चोरून वावरतो. मी मात्र आईने नागपूरहून पाठवलेली संत्रा बर्फी तेवढी घेतली. पंचवीस जुलै हा पोर्तो रिकोचा संविधान दिन आहे, असं कॅलेंडरवर वाचून मी हरखले होते. बुद्धविहारात वाढलेल्या मुलीला याहून चांगला दिवस कोणता मिळणार?

आम्हाला बोलावलं होतं माझ्या ऑफिसातल्या लुईसने. त्याची आई दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहान गावात राहते. विमानाची चाकं जमिनीला टेकताच प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. मिलिंद दचकला, मग त्यानेही वाजवल्या. लुईस विमानतळावर घ्यायला आला होता. वाटेत एका टपरीवर त्याने आम्हाला आलकापुर्रिया (कच्च्या केळ्याच्या पिठात खिमा भरून तळलेला लांबट वडा) खायला घातला. तो खाऊन मला जगण्याबद्दल फारशी तक्रार उरली नाही. उत्तरेकडचे हिरवेगार डोंगर उतरलो आणि एकदम काटेरी झुडपं आणि तापलेली माती लागली. गाडीच्या डिकीत बर्फीचा एक गोळा झाला होता.

लुईसची आई म्हणजे दोन्या आल्मा. ‘दोन्या’ हे आदराने लावायचं, आपण शाळेत ‘बाई’ म्हणतो ना, तसं. त्या बाईच होत्या. गावातल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं. त्यांना फक्त स्पॅनिश बोलायला आवडतं, म्हणून मध्ये दुभाषा लुईस. मी बर्फीचा गोळा सुरीने कापून बशीत मांडला आणि उद्याच्या संविधान दिनाच्या शुभेच्छा दिल्या. बाईंनी बशी हातात घेतली, ऐकलं आणि तशीच टेबलावर ठेवून दिली. लुईसचे कान लाल झाले.

मग त्यांनी मला समोर बसवून वर्गात शिकवावं तसं सांगितलं. स्पेनने चारशे वर्षं राज्य केलं. जाता जाता थोडी स्वायत्तता दिली, तोच १८९८ साली अमेरिकेचं सैन्य याच किनाऱ्यावर उतरलं. तारीख पंचवीस जुलै. पुढे बेटावरच्या लोकांनी आपले प्रतिनिधी निवडले, घटना लिहिली, मतदान करून मान्यही केली. पण ती वॉशिंग्टनला मंजुरीसाठी गेली आणि तिथे तिच्यातलं विसावं कलम काढून टाकायला लावलं. काम, अन्न, वस्त्र, घर, शिक्षण, औषधपाणी आणि म्हातारपणाची सोय हा माणसाचा हक्क आहे, असं त्यात म्हटलं होतं. उरलेली घटना १९५२ साली लागू झाली. तारीख पुन्हा पंचवीस जुलैच.

लुईसला बेट अमेरिकेचं पूर्ण राज्य व्हावं असं वाटतं, आईला स्वातंत्र्य हवं. तो म्हणाला, घटना लिहिली तर आपणच ना. बाई म्हणाल्या, “आणि खोडली कुणी?” त्यावर तो जेवू लागला.

मला राग आला. आमच्याही घटनेत यातल्या बऱ्याच गोष्टी फक्त मार्गदर्शक तत्त्वांत बसवल्यात, कोर्टात मागता येत नाहीत. पण बाहेरच्या कुणी येऊन त्यांवर काट मारली नाही.

बाईंच्या शाळेला सरकारने टाळं लावून फार दिवस झाले होते. तिथल्या अंगणातल्या भिंतीवर त्यांनी मुलांकडून ते खोडलेलं कलम रंगवून घेतलं होतं, आणि दर पंचवीस जुलैला गाव त्या भिंतीपुढे जमायचं. यंदा इमारत बाहेरच्या एका माणसाने हॉटेलसाठी विकत घेतली होती. सकाळी आम्ही पोहोचलो तर फाटकाला कुलूप होतं, आत रखवालदार उभा होता आणि भिंत कोरी पांढरी होती. रंगाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. बाई गज धरून उभ्या राहिल्या.

गावकऱ्यांनी प्लास्टिकच्या खुर्च्या रस्त्यावरच मांडल्या. रखवालदार फोनवर आमचा व्हिडिओ घेऊ लागला.

मिलिंद माझ्या कानाशी लागला. “अगं, आपण टुरिस्ट आहोत, यार. ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. फोटो काढ आणि चल.”

तेवढ्यात एकाने घटनेचा सरनामा वाचायला घेतला आणि मी उठून उभी राहिले. विचार करून नाही. आमच्या विहारात उद्देशिका सुरू झाली की माणूस आपोआप उठतो. आमच्या लग्नातही आम्ही ती उभं राहूनच वाचली होती. इकडे तिकडे पाहिलं तर सगळं गाव बसलेलं. रखवालदाराचा फोन माझ्याकडे वळला. मिलिंद माझा कुर्ता ओढत होता. लाजून खाली बसणार होते, पण आता बसले तर त्या फोनला भिऊन बसल्यासारखं होईल, असं वाटलं. मग काही झालं तरी बसायचं नाही, असं ठरवलं.

वाचन थांबलं. बाईंनी विचारलं, उभी का? संविधान वाचताना आमच्यात उभं राहतात, मी म्हणाले. लुईसने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं.

“परवानगी घेऊन आलेल्या घटनेला आम्ही उठत नाही,” बाई म्हणाल्या. “पण आता बसू नकोस.”

काठी टेकत त्या उठल्या, पांढऱ्या भिंतीकडे तोंड केलं आणि विसावं कलम तोंडपाठ म्हणू लागल्या. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. लुईस उठला. माझ्या शेजारी मिलिंद उभा होता, शर्टाचं वरचं बटण लावलेला, जणू व्हिसाच्या मुलाखतीला आलाय. नंतर पोलीस आले, अर्धा रस्ता मोकळा करा म्हणाले आणि गेले. घरी येऊन बाईंनी आधी बर्फीची बशी मागितली आणि दोन तुकडे खाल्ले.

परतताना सान हुआनला सगळ्यांच्या बॅगा फळं शोधायला तपासल्या. बेटावरून बाहेर पडताना एवढी झडती, आणि म्हणायचं एकच देश. तिथल्या माणसाला राष्ट्राध्यक्ष निवडायला मत नाही, पण त्याच्या आंब्यावर मात्र बारीक नजर आहे.

नेवार्कहून घरी येताना आमच्या तिथल्या भारतीय मंडळाच्या काकांचा फोन आला, पंधरा ऑगस्टला उद्देशिका नेहमीप्रमाणे तूच वाचशील ना म्हणून. मी म्हटलं, वाचीन, आणि त्यानंतर आणखी एक कलम, मराठीत. कुठल्या घटनेतलं, त्यांनी विचारलं. सध्या कुठल्याच नाही, मी म्हणाले.  हॉलमध्ये व्हिसावाली मुलं असतात बेटा, कशाला उगाच, असं काका म्हणू लागले.

मिलिंद ड्राइव्ह करत होता. आवाज खाली ठेवून बोलणारा माझा नवरा गाडीतल्या फोनच्या स्पीकरकडे वाकला.

“काका, अर्धं ती वाचेल, अर्धं मी. लोकांना फक्त सांगा, बसू नका.”